नोकरी मागताना स्वमग्नता सांगावी की झाकावी?

आपल्या प्रत्येक वस्तीत असा एखादा मुलगा असतो. हिशेबात पक्का, लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ, वह्या रेघेत लावून ठेवणारा. पण चार माणसांत बसवला की गप्प. कोणी नजरेला नजर देऊन बोलू लागले की खाली बघतो. ढोल वाजला, मिक्सर लागला की कानांवर हात घेतो. रोजच्या कामात अचानक बदल झाला तर कासावीस होतो. वस्तीने त्याला लहानपणी कधी 'शिष्ट' म्हटले, कधी 'येडा' म्हटले. मग केव्हातरी डॉक्टरांनी सांगितले की ही स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. तोवर मुलगा वाढला, शाळा झाली, कॉलेज झाले आणि आता प्रश्न पडला नोकरीचा. अर्जात हे लिहायचे का? मुलाखतीत सांगायचे का? की तोंड मिटून बसायचे आणि एकदा नोकरी लागली की पुढचे पुढे बघायचे?

हा प्रश्न घेऊन आमच्याकडे अधूनमधून आईबाप येतात. आम्ही डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. कचेरीत कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे अर्ज भरून देतो. त्या अनुभवातून आणि कायद्याचा कागद वाचून जे समजले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि आईच्या सांभाळातली कसूरही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. गोळीने ती जात नाही. प्रत्येकात तिचे प्रमाण वेगळे असते. काहींना बोलताही येत नाही आणि त्यांना जन्मभर कोणाची तरी सोबत लागते. काही मात्र शिकतात, पदवी घेतात आणि काम करू शकतात. आजचा विषय या दुसऱ्यांचा आहे. त्यात मुलीही आल्या. मुलगी अबोल असली तर घरात तिचे कौतुकच होते, 'किती शांत आहे' म्हणतात. त्यामुळे मुलींची स्वमग्नता पुष्कळदा ध्यानातच येत नाही. मग नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती रोज संध्याकाळी रडत घरी येते तेव्हा घरचे गोंधळतात.

आता झाकण्याविषयी. आईबाप का झाकतात हे आम्हाला चांगले कळते. बहिणीचे लग्न अडेल, शेजारीपाजारी बोलतील, साहेब दारातूनच परत पाठवील. आपल्या माणसांना झाकण्याची सवयही जुनी आहे. खोली भाड्याने घेताना आडनाव बदलून सांगितलेली कुटुंबे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. जात सांगितल्याने माणसाचे टेबलावरचे काम तसूभरही सोपे वा अवघड होत नाही. ती विचारणाऱ्याचीच खोड असते. स्वमग्नतेचे तसे नाही. ती कामाच्या पद्धतीशी जोडलेली आहे. ती सांगितली तर काही मागता येते. न सांगितली तर मागता येत नाही, आणि त्या न मागितलेल्या गोष्टीपायी नोकरी जाते.

आमच्या माहितीतला एक मुलगा घ्या. बी.कॉम. झालेला, टॅली शिकलेला. एका गोडाऊनमध्ये मालाच्या नोंदी ठेवायला लागला. काही सांगायचे नाही असे घरात ठरले होते. तिथे सुपरवायझर गर्दीत उभा राहून एका दमात पाच कामे तोंडी सांगायचा आणि अर्ध्या तासाने त्यातली दोन बदलायचा. मागे ट्रकचे हॉर्न आणि हमालांची हाकाटी. मुलगा पुन्हा पुन्हा विचारी, "नक्की कोणते आधी?" सुपरवायझरला वाटले, पोरगा उलट बोलतो. मुलगा त्याच्याकडे बघत नसे. सुपरवायझरला वाटले, हा लपवाछपवी करतो. अकराव्या दिवशी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. त्याच्या नोंदींत एकही चूक नव्हती. काम येत नव्हते म्हणून नोकरी गेली नाही. सांगण्याची पद्धत जुळली नाही म्हणून गेली. पुढे दुसऱ्या ठिकाणी त्याने स्वतःच सांगितले, "मला काम चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून द्या, म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही." तिथे तो टिकला आहे. मालकाचा एक पैसाही खर्च झाला नाही.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, नुसते नाव सांगू नका, गरज सांगा. 'मला ऑटिझम आहे' एवढेच म्हटले तर ऐकणारा घाबरतो. त्याने सिनेमात काही तरी पाहिलेले असते, नाहीतर काहीच माहीत नसते. पण 'गोंगाटात मला तोंडी सांगितलेले नीट पोचत नाही, लिहून दिले की काम चोख होते' असे म्हटले की त्याला करायचे काय ते समजते. नावाने माणूस विचारात पडतो, गरज सांगितली तर कामाला लागतो.

ही गरज मागणे म्हणजे दयेची याचना नव्हे. १९९५ साली आपल्या देशात अपंगांसाठी मोठा कायदा झाला. त्यात सातच प्रकार धरले होते आणि स्वमग्नता त्यात नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण त्या कायद्याचा भर सांभाळ व पालकत्व यांवर होता. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्यात प्रकार २१ झाले आणि स्वमग्नतेला नोकरीच्या हक्कांत जागा मिळाली.

या कायद्यात एक शब्दप्रयोग आहे, तो प्रत्येक घराने पाठ करावा. 'वाजवी सोय.' म्हणजे काय? दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून केलेला योग्य तो बदल. अट एवढीच की त्या बदलाचा मालकावर अवाजवी बोजा पडू नये. अशी सोय नाकारणे हा सुद्धा भेदभावच, असे कायद्याच्या व्याख्येत लिहिले आहे. २०१७ च्या नियमांत आणखी एक महत्त्वाचे वाक्य आहे. या सोयीचा खर्च, पूर्ण किंवा थोडाही, दिव्यांग माणसाला भरायला लावता येत नाही. कानांवर लावायच्या साधनाचे पैसे तुझ्या पगारातून कापतो असे कोणी म्हणाले तर हे वाक्य त्याला दाखवावे.

पुष्कळ जण विचारतात, आमच्या मुलाचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली आले तर सगळे संपले का? नाही. ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. वाजवी सोय ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला आकडी येत असे आणि तो परीक्षेला लेखनिक मागत होता. तुझे अपंगत्व ठरलेल्या प्रमाणात बसत नाही म्हणून त्याला नाकारले गेले होते. न्यायालय म्हणाले की ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही. माणसाची गरज काय आहे ते पाहून सोय द्यावी लागेल.

आता सरकारी नोकरी. इथे सांगण्या-न सांगण्याचा घोळ कमी आहे, कारण लाभ हवा तर अर्जातच लिहावे लागते. दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अपंगत्वे असलेले, या सर्वांचा मिळून आहे. जाहिरातीत प्रत्येक पदापुढे कोणते प्रकार चालतील ते दिलेले असते. केंद्राच्या जाहिरातीत स्वमग्नतेसाठी 'एएसडी' ही इंग्रजी अक्षरे असतात आणि पुढे कंसात 'एम' असेल तर सौम्य प्रमाण असा अर्थ. ती अक्षरे शोधूनच अर्ज भरा, नाहीतर फी आणि श्रम दोन्ही वाया जातात.

आपल्या समाजातल्या मुलांचा इथे एक गैरसमज होतो. अनुसूचित जातीचा दाखला जोडला की दिव्यांगाचा जोडायचा नाही, दोनपैकी एकच निवडायचा, असे काही जण धरून चालतात. हे चूक आहे. दिव्यांगांचे आरक्षण समांतर आहे. ते सगळ्या प्रवर्गांतून आडवे जाते. निवड झाली की उमेदवार आपापल्या प्रवर्गात मोजला जातो. म्हणून दोन्ही दाखले जोडावेत. केंद्र सरकारच्या थेट भरतीत दिव्यांगांना वयाची सवलत साधारणपणे १० वर्षे आहे, तर अनुसूचित जातीच्या दिव्यांगांना १५ वर्षे. एक दाखला घरी ठेवला तर ही पाच वर्षेही घरीच राहतात.

दाखल्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर नोंद करावी आणि सरकारी रुग्णालयात तपासणीला जावे. तिथून दाखला व ओळखपत्र मिळते. तपासणीला जाताना शाळेची प्रगतिपुस्तके, लहानपणीचे डॉक्टरांचे कागद, असतील तेवढे न्यावेत. मोठ्या वयात तपासणी होते तेव्हा लहानपणी मूल कसे होते हे आईच सांगू शकते. तेव्हा आईने एका दिवसाचा खाडा करून सोबत जावे. दाखला काढला म्हणजे तो सगळ्यांना दाखवलाच पाहिजे असे मात्र नाही. तो पेटीत असू द्यावा. लागेल तेव्हा काढायचा.

खाजगी नोकरीत मामला वेगळा आहे. तिथे सक्तीचे आरक्षण नाही. पण दिव्यांगांना समान संधी कशी देणार याचे धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचे आहे. ज्या ठिकाणी २० किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिथे त्या धोरणात निवडीची पद्धत, सोयी आणि ही बाब पाहणारा संपर्क अधिकारी, हे सगळे यावे लागते. मोठ्या कंपनीत अर्ज करताना 'आपले समान संधी धोरण पाहायला मिळेल का' असे विचारावे. उत्तर कसे येते त्यावरून तिथली हवा समजते. आठ माणसांच्या दुकानात किंवा ठेकेदाराकडे असा अधिकारी नसतो. तिथे समोरचा माणूस पारखून शब्दानेच काम करावे लागते, हेही आम्ही लपवणार नाही.

मग सांगावे केव्हा? चार वेळा असतात. पहिली, अर्ज करताना. पण तेव्हा तुमची लायकी कोणी पाहिलेली नसते. नाव वाचून कागद बाजूला पडण्याचा धोका असतो. आरक्षण घ्यायचे नसेल तर इथे लिहिण्याची घाई नको. दुसरी, मुलाखतीचे बोलावणे आल्यावर. मुलाखतीतच अडचण येणार असेल तर हीच योग्य वेळ, कारण बोलावणे म्हणजे शिक्षण पसंत पडले आहे. तिसरी, नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर. मुलाखत निभावते पण रोजच्या कामात सोय लागेल अशांना ही वेळ बरी. चौथी, रुजू झाल्यावर, अडचण दिसली की लगेच. तंटा पेटल्यावर, मेमो मिळाल्यावर सांगितले तर समोरच्याला ती सबब वाटते. म्हणून चौथी वेळ फार लांबवू नये.

मुलाखतीविषयी थोडे अधिक. मुलाखतीत काम पाहत नाहीत, बोलणे पाहतात, आणि नेमके तिथेच स्वमग्न मुलांचे अडते. 'स्वतःबद्दल काही सांगा' हा प्रश्न इतरांना सोपा वाटतो. या मुलांना तो समुद्रासारखा वाटतो, सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. म्हणून आधीच लेखी मागणी करावी. नमुना देतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावा.

"माननीय महोदय, आपल्या कार्यालयात अमुक पदासाठी अमुक तारखेला मला मुलाखतीस बोलावले आहे, त्याबद्दल आभारी आहे. मला स्वमग्नता आहे. त्यामुळे मोघम प्रश्न पटकन उमजत नाहीत आणि गोंगाटात ऐकण्यास त्रास होतो. नेमके काम दिले असता ते मी काळजीपूर्वक व वेळेत करतो. तरी विनंती की, एक, मुलाखत शांत खोलीत घ्यावी. दोन, प्रश्न एकेक करून व नेमके विचारावेत आणि उत्तरास थोडा वेळ द्यावा. तीन, शक्य असल्यास पदाच्या कामाचा नमुना प्रत्यक्ष करून दाखवण्याची संधी द्यावी. मी बोलताना नजरेला नजर देत नाही, त्याचा अर्थ अनादर असा घेऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ही वाजवी सोय मागत आहे. ही माहिती निवडीचे काम पाहणाऱ्यांपुरतीच ठेवावी, ही विनंती. आपला विश्वासू."

पत्र एवढेच असावे. रोगाचा इतिहास नको, घरच्या गरिबीचे वर्णन नको, रडगाणे नको. पोच घ्यावी किंवा ईमेल केला असेल तर तो जपून ठेवावा. कचेरीत बोललेले विसरतात, लिहिलेले फाइलला लागते.

रुजू झाल्यावर मागायच्या गोष्टीही साध्याच असतात. काम लिहून मिळावे. काम सांगणारा एकच साहेब असावा, दहा जणांनी दहा हुकूम सोडू नयेत. बसण्याची जागा ठरलेली असावी, शक्यतो भिंतीकडेची. फडफडणारी ट्यूबलाईट बदलावी. फार आवाज असेल तिथे कानात बोळे किंवा हेडफोन लावू द्यावेत. शिफ्ट बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. चूक झाली तर चारचौघांत न ओरडता बाजूला घेऊन नेमकी कोणती ते दाखवावे. जेवणाच्या सुट्टीत एकटे बसला तर बसू द्यावे. पण या सगळ्या एकदम मागू नका. ज्यांच्यावाचून अडते अशा दोन-तीन निवडा. यादी लांबली की साहेब पहिलीही ऐकत नाही.

नाकारले तर? सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे आधी लेखी तक्रार करावी. खाजगी ठिकाणी प्रमुखाकडे लेखी द्यावे. तिथे दाद लागली नाही तर आपल्या राज्यात पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे, तिकडे कागदांच्या नकला जोडून अर्ज करता येतो. हे काम धीराचे आहे आणि प्रत्येक जण जिंकतोच असे आम्ही म्हणत नाही. पण जिथे अर्जच झाला नाही तिथे निकालही होत नाही.

आता आईबापांना दोन शब्द, जरा कडक वाटले तरी. मुलाखतीला मुलासोबत आत जाऊन "साहेब, पोरगा जरा कमी आहे, पदरात घ्या" असे म्हणू नका. त्या एका वाक्याने त्याची पदवी पुसली जाते. ज्याच्यावर दया केली त्याला अर्धा पगार द्यायला मालकाला काही वाटत नाही. सोबत जा, बाहेर बाकावर बसा. आणि त्याला न विचारता त्याच्याविषयी कोणालाही सांगू नका. मामाच्या ओळखीच्या साहेबालाही नाही. ही गोष्ट त्याची आहे. सांगायची की नाही, कोणाला आणि किती, हे तो सज्ञान झाल्यावर त्यानेच ठरवायचे. ज्याला नोकरी करता येईल असे आपण म्हणतो, त्याला एवढा निर्णय घेता येणार नाही असे कसे म्हणता येईल?

आईबापांनी करण्याजोगे खूप आहे, याचा दाखला डेन्मार्कमधल्या एका बापाचा आहे. थॉर्किल सॉन हे टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. त्यांचा मुलगा स्वमग्न. त्याचे बारीकसारीक गोष्टींवरचे ध्यान पाहून त्यांना वाटले, हे तर कामाला येणारे गुण आहेत. २००४ साली त्यांनी कोपनहेगनला स्वमग्न माणसांना काम देणारी कंपनी काढली. तिचे नाव स्पेशालिस्टर्न, म्हणजे तज्ज्ञ मंडळी. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचे काम ही मंडळी करीत. तिथे निवडीसाठी गप्पांची मुलाखत ठेवली नाही. लेगोचे ठोकळे आणि यंत्रे देऊन ती जोडायला सांगत आणि माणूस काम कसे करतो ते पाहत. पुढे २०१३ साली एसएपी या मोठ्या जर्मन कंपनीने त्यांच्या मदतीने जगभर स्वमग्न माणसांना नोकऱ्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आपल्याला कंपनी काढणे जमणार नाही. पण मुलाकडे पाहण्याची त्या बापाची नजर घ्यायला भांडवल लागत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. येत्या रविवारी टीव्ही बंद करून मुलाजवळ किंवा मुलीजवळ बसा. एक कोरा कागद आणि पेन त्याच्याच हातात द्या. त्याला तीन गोष्टी लिहू द्या. मला कोणते काम चांगले येते? कामाच्या ठिकाणी मला कशाचा त्रास होतो? काय मिळाले तर तो त्रास होणार नाही? बोलून सांगता येत नसेल तर लिहील, एका दिवसात नाही जमले तर आठ दिवसांत लिहील. तुम्ही मध्ये बोलू नका, अक्षरही सुधारू नका. तो कागद तयार झाला की सांगावे की झाकावे या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले असे समजा. उरलेले अर्धे त्याला ठरवू द्या. अर्ज लिहिताना अडले तर आम्ही आहोतच.